दादाच्या फ्लॉप्या



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे दोन-अडीच महिने एका कामात अडकले होते. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या संपेल, आणि ते काही संपायचं नाही. आता बहुतेक संपलं. त्याचीच ही हकीकत. थोडा इतिहास, थोडं घरचं. भाचेमंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटी तुमच्याकडेच एक मागणं आहे.

गेल्या मे महिन्यात लेकीचा मुलगा सुट्टीला माझ्याकडे माजिवड्याला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माळ्यावरचं सामान काढायला त्याला शिडीवर चढवलं, तर जुन्या घंगाळामागून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत सात फ्लॉप्या. तिनांवर कुठल्याशा मराठी सॉफ्टवेअरचं नाव आणि 'सेटअप १, २, ३'. उरलेल्या चारांवर दादाच्या वळणदार अक्षरात 'आई १', 'आई २', 'आई ३', 'आई ४'. तिसरीवर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, 'घाट उतरून कल्याण'.

मी मोड्यावर बसलेच.

माझा थोरला भाऊ १९९७ साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि आलेल्या पैशातून त्याने लॅमिंग्टन रोडवरून संगणक आणला. वहिनी बरेच दिवस बोलत नव्हती त्याच्याशी. विंडोज ९५, फ्लॉपीची खाच, एक मोठा पांढरा मॉनिटर. कल्याणला वालधुनीच्या बाजूला त्याचं तळमजल्याचं घर होतं, तिथे देवघरासमोर त्या यंत्राची स्थापना झाली. आई तेव्हा ऐंशीच्या घरात. दादा रोज दुपारी तिला समोर बसवून विचारायचा, लहानपणी काय काय होतं गं? आणि ती बोलायची ते टाइप करायचा. ओतूरकडचं तिचं माहेर, लग्न, मग घाट उतरून कल्याणला मांडलेला संसार. २००० साली आई गेली. २६ जुलै २००५ च्या पुरात दादाच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. संगणक, कागद, फोटो, सगळं गेलं. २०११ मध्ये दादाही गेला. आईच्या आठवणी पुरात गेल्या असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. या सात फ्लॉप्या दादाने माझ्याकडे कधी ठेवायला दिल्या ते मला आजही आठवत नाही.

नातवाने यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. पहिली फ्लॉपी उघडली. दुसरी उघडली. तिसरी नुसती करकरत राहिली. चौथी उघडली. एकेका फ्लॉपीवर एकेकच फाइल होती, साधी वर्डची. आजच्या संगणकावर ती उघडलीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडणार तोच पाहिलं, तर पानभर इंग्रजी अक्षरं. मधेच एखादा कंस, मधेच डॉलरची खूण, कुठे दोन ठिपके डोक्यावर घेतलेली युरोपातली अक्षरं. मराठीचं एक अक्षर नाही.

"आजी, फाइल बिघडलेली नाहीये," नातू म्हणाला. "ही अशीच सेव्ह झालेली आहे."

हे मला पटायला वेळ लागला. आणि पटण्यासाठी जरा मागे जावं लागलं.

१९९० च्या आसपास संगणकांच्या जाहिरातीत एक शब्द हमखास असायचा, 'आयबीएम कम्पॅटिबल'. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्याआधी, आणि नंतरही काही वर्षं, ज्या कंपनीचं यंत्र तिचेच प्रोग्राम त्यावर चालायचे. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडलेल्या शाळांना इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. आत बत्तीस किलोबाइट स्मृती. त्याचा प्रोसेसर वेगळा, पीसीचा वेगळा. त्यावर शिकलेलं बेसिक पीसीवर जसंच्या तसं चालत नसे. मग आयबीएमच्या पीसीसारखे हुबेहूब संगणक इतर कंपन्या करू लागल्या. जे त्याच्यावर चालतं ते याच्यावर चालेल, एवढंच 'कम्पॅटिबल' या शब्दाचं वचन होतं. दादाचा लॅमिंग्टन रोडवर जुळवलेला संगणक त्याच वंशातला.

यंत्रं अशी एकमेकांना जुळली. मराठी अक्षरांचं मात्र तसं झालं नाही.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी 'ए' म्हणजे ६५, 'बी' म्हणजे ६६, असं अमेरिकेत १९६० च्या दशकातच ठरलं होतं. त्याला ॲस्की म्हणतात. त्यात १२८ जागा. पुढे पीसीवर त्या २५६ झाल्या. इंग्रजीला हे पुष्कळ. आपलं तसं नाही. स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, वर क्ष, ज्ञ, त्र, श्र. शिवाय डॉसच्या काळातला पडदा म्हणजे गणिताची चौकटीची वही: ऐंशी रकाने, पंचवीस ओळी, एका घरात एक अक्षर. वर मात्रा आणि खाली उकार देणारी आपली लिपी त्या घरात मावायची नाही.

यावर आपल्याच लोकांनी उत्तर शोधलं होतं, हे मला या निमित्ताने नव्याने कळलं. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी काम झालं, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेलं. परम महासंगणकामुळे आपण सी-डॅकला ओळखतो, पण त्यांचं जिस्ट कार्डही तितकंच मोलाचं. हे कार्ड संगणकाच्या आत खोवायचं, की वर्डस्टार, डीबेस असे मूळचे इंग्रजी प्रोग्रामसुद्धा देवनागरी दाखवायचे. आणि त्यामागे आकड्यांचं एक ठरलेलं कोष्टक होतं, इस्की. पहिल्या १२८ जागा इंग्रजीला जशाच्या तशा, पुढच्या १२८ मध्ये भारतीय लिप्या. गंमत म्हणजे 'क' मराठीतला असो, बंगालीतला असो की कानडीतला, आकडा एकच. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे १९९१ सालीच आपल्याकडे प्रमाण होतं बरं का! दादा टाइप करायला बसला त्याच्या सात वर्षं आधी.

मग फाइलचं असं का झालं?

१९९२ मध्ये विंडोज ३.१ आलं आणि त्याबरोबर ट्रूटाइप फॉन्ट आले. आता चौकटीच्या वहीची अडचण उरली नाही, कुठल्याही आकाराचं अक्षर पडद्यावर काढता येऊ लागलं. यातून एक सोपी युक्ती निघाली. संगणकाला वाटू दे की आपण इंग्रजीच लिहितोय. फक्त इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचं चित्र चिकटवायचं. ना कार्ड नको, ना वेगळा खर्च.

उदाहरण देते. कृतिदेव नावाचा फॉन्ट हिंदीत फार चालला, आपल्याकडेही वापरला गेला. त्यात 'मराठी' हा शब्द उमटवायचा तर इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच ही बटणं दाबायची. 'भारत'साठी मोठा एच, के, के, जे, आर. यात दोनदा 'के' का? तर जुन्या टाइपरायटरसारखा आधी अर्धा भ, त्याला काना जोडून पूर्ण भ, आणि मग दुसरा काना 'भा'चा. पडद्यावर आणि कागदावर सुरेख 'भारत' दिसतं. फाइलच्या पोटात मात्र ती पाच इंग्रजी अक्षरंच असतात. आणि फॉन्ट काढून घेतला की तीच दिसतात.

यातही सगळ्यांचं कोष्टक एक असतं तरी भागलं असतं. पण फॉन्ट करणाऱ्या प्रत्येकाने आपापलं कोष्टक केलं. कुणी टाइपरायटरच्या सवयीप्रमाणे, कुणी उच्चाराप्रमाणे, कुणी जोडाक्षरं जास्त बसवावीत म्हणून काही जागा वाचवून. मी त्यांना बोल लावणार नाही. त्यांच्यासमोर बसलेला गिऱ्हाईक लग्नपत्रिकावाला होता, छापखानेवाला होता, साप्ताहिकवाला होता. पत्रिका सुबक छापून आली की काम झालं. फाइल वीस-पंचवीस वर्षांनी कुणी उघडेल, आणि तीही दुसऱ्याच यंत्रावर, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात येणार! अक्षर कागदासाठी होतं, आणि कागदावर ते उत्तम उतरत होतं.

दादाच्या फाइलमध्ये वर्डच्या वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव दिसत होतं. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिचा काही दोष नाही. आम्ही तो फॉन्ट शोधला, मिळाला नाही. मग नातवाने दुसऱ्याच एका मराठी फॉन्टमध्ये मजकूर उघडून पाहिला. पानभर देवनागरी अक्षरं आली आणि क्षणभर मी खूश झाले. वाचायला गेले तर 'ढेगाञ', 'क्षुटे' असलं काहीतरी. अक्षरं मराठीच, पण शब्द कुणाचेच नाहीत.

मग म्हटलं, दादाच्या सेटअपच्या तीन फ्लॉप्या आहेत, त्याच का चढवू नयेत? इथे दुसरा धडा मिळाला. ते सॉफ्टवेअर सोळा बिटांच्या काळातलं, आणि आजचं चौसष्ट बिटांचं विंडोज सोळा बिटांचे प्रोग्राम चालवतच नाही. नातवाने त्यावरही उपाय काढला. आजच्या संगणकाच्या पोटात एक खोटा जुना संगणक तयार करता येतो, त्यात त्याने विंडोज ९८ चढवलं. तो निळसर-हिरवा पडदा पाहून मला शाळेच्या कार्यालयातला संगणक आठवला. सेटअप एक नंबर वाचली. दोन नंबरच्या चकतीवर बुरशीचे ठिपके, ती अर्ध्यात अडकली. वाचली असती तरी उपयोग नव्हता म्हणा. तेव्हाच्या बऱ्याच मराठी सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूप यायचं. काड्यापेटीएवढी डबी, ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी लावायची. ती नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. चोरून वापरणारे फार, म्हणून कंपन्यांना ते करावं लागे. दादाची डबी वालधुनीने नेली. आणि आजच्या संगणकांना ती लावायची जागाच नसते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आता युनिकोड आहे ना? आहे, आणि म्हणून तर मी हे लिहू शकते आणि तुम्ही माझा फॉन्ट न मागता वाचू शकता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी आपल्या इस्कीच्या १९८८ च्या कोष्टकावरूनच घेतलेली आहे. त्यात 'क' म्हणजे २३२५, आणि तो जगभर २३२५. पण कोष्टक असणं वेगळं आणि घरच्या संगणकाला ते कळणं वेगळं. विंडोजला देवनागरी युनिकोड नीट कळू लागलं ते २००० सालच्या आवृत्तीपासून. मंगल हा फॉन्ट तिच्याबरोबर आला. तो प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला, जे आयआयटीत अक्षरांचं शास्त्र शिकवत आणि २००८ मध्ये गेले. पुढच्या एक्सपीमध्येही मराठी आपोआप दिसत नसे. सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा, आणि सीडी तर दुकानदाराने दिलेलीच नसायची! त्या वर्षांत मराठी विकिपीडिया सुरू झाला (२००३), मनोगत सुरू झालं (२००४), आणि तिथे नव्याने येणारा प्रत्येक जण आधी हाच प्रश्न विचारायचा: मला चौकोन दिसताहेत, काय करू? आम्हा शिक्षकांना एमएस-सीआयटी करावं लागलं तेव्हा मीही विचारला होता.

त्यातही मराठीचे स्वतःचे हट्ट होतेच. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यातला फरक मी आयुष्यभर वर्गात शिकवला, एक गुरू आणि एक स्वयंपाकी. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज नाही. तो टाइप कसा करायचा हे कळेपर्यंत कितीतरी जण 'दर्या' लिहून दऱ्या समजून घेत होते. आणि 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये.

असो. दादाने टाइप केलं १९९८-९९ मध्ये. युनिकोड त्याच्या यंत्रापर्यंत पोचलेलं नव्हतं. फार चाललेल्या फॉन्टांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण आमचा फॉन्ट त्यांच्या यादीत नव्हता. नातू म्हणाला, "आजी, या फॉन्टमधला छापलेला एखादा कागद मिळाला, आणि तोच मजकूर फाइलमध्ये असला, तर आपण कोष्टक स्वतः बनवू शकतो."

आणि तसा कागद माझ्याकडे होता. १९९९ च्या दिवाळीत दादाने मला चार पानं छापून दिली होती. पहिली दोन त्याची प्रस्तावना, पुढची दोन आईच्या आठवणींची सुरुवात. "तू मराठीची बाई, जरा नजरेखालून घाल," म्हणाला होता. मी ती तपासून परत दिली, आणि एक झेरॉक्स, तीही रंगीत, माझ्याकडे ठेवली होती. कपाटात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली. लाल शाईने भरलेली.

मग आमचा कारखाना सुरू झाला. मी कागद वाचायची, तो फाइलमधली खूण सांगायचा. आधी त्याने कुठली खूण किती वेळा आली ते मोजलं. सगळ्यात जास्त आलेली खूण काना असणार हे मी न बघताच सांगितलं, आणि तसंच निघालं. या फॉन्टमध्येही अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर करायची पद्धत होती, त्यामुळे तर काना जिकडेतिकडे. दोन दिवसांत साधी अक्षरं जमली. जोडाक्षरांना आठवडा लागला.

खरी मौज वेलांटीची. पहिली वेलांटी आपण बोलतो अक्षरानंतर आणि काढतो अक्षराच्या आधी. 'किती' लिहिताना पहिलीतली मुलं हमखास अडखळतात ती इथेच. दादाच्या फॉन्टमध्ये खुणा कागदावरच्या क्रमाने होत्या, म्हणजे वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये बोलण्याच्या क्रमाने, क आधी. रफाराचं उलटं. 'सूर्य' बोलताना र् आधी येतो, पण कागदावर तो य च्या डोक्यावर शेवटी बसतो. त्यामुळे नुसती खुणेला खूण बदलून चालत नव्हतं, जागाही बदलाव्या लागत होत्या. शिवाय दादाच्या वर्डने इंग्रजी समजून काही वाक्यांचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करून ठेवलं होतं, तिथे त्या जागी भलतंच अक्षर निघायचं. नातवाने हे सगळे नियम प्रोग्राममध्ये घातले. मी फळ्यावर शिकवते तसे त्याला सांगितले, एवढंच माझं काम.

तरीही काही जागी कोष्टक जुळेना. एकच खूण कधी ऱ्हस्व उकार निघे, कधी दीर्घ. दोन दिवस डोकं खाजवल्यावर नातू म्हणाला, "आजी, नक्की काय धरायचं? छापलेलं, की तुझं लाल?"

मी म्हटलं, म्हणजे?

"बघ ना. पहिल्या दोन पानांवर फाइल तुझ्या लाल शाईचं ऐकते. पुढच्या दोन पानांवर ऐकतच नाही."

मी चष्मा पुसून परत पाहिलं. प्रस्तावनेत छापलेलं होतं 'पुर्वी', मी लाल केलं होतं 'पूर्वी', आणि फाइलमध्ये होतं 'पूर्वी'. 'माहीती'चं 'माहिती' केलेलं. म्हणजे दादाने माझ्या दुरुस्त्या घेतल्या होत्या. फाइलवर शेवटची तारीख मार्च २००० ची आहे, पान माझ्याकडून गेल्यानंतरची. पण आईच्या पानांवर तिचं बोलणं होतं, इहीर, येळ, पानी, व्हतं. मी एकूण एक शब्द कापून वर लिहिलं होतं, विहीर, वेळ, पाणी, होतं. पानाच्या तळाशी, वहीत लिहावा तसा शेरा: 'भाषा शुद्ध करावी.' आणि फाइलमध्ये यातली एकही दुरुस्ती नव्हती. इहीर ती इहीरच.

आईच्या तोंडचं वाक्य जेव्हा पहिल्यांदा पूर्ण उमटलं, "इहिरीला पानी लई खोल व्हतं," तेव्हा मला तिचा आवाज आला. विहीर लिहिलेलं असतं तर आला नसता.

दादा त्याबद्दल मला कधी काही बोलला नाही. पुढची पानंही त्याने कधी तपासायला दिली नाहीत. मला वाटायचं, संगणकाची हौस फिटली असेल. आता कळतं की लिहीत तो होता, फक्त मला दाखवत नव्हता. दाखवली असती, तर त्या पानांच्याही प्रती माझ्या कपाटात राहिल्या असत्या, आणि पुरानंतरही आई पूर्ण उरली असती. तिसरी फ्लॉपी वाचत नाही याचं दुःख आहेच. पण तिचा छापील कागद माझ्याकडे नाही, याला वालधुनी जबाबदार नाही.

मी आयुष्यभर प्रमाणभाषा शिकवली आणि त्याची मला लाज वाटत नाही. या दोन महिन्यांत तर प्रमाण नसलं की काय होतं ते मी रोज भोगलं. पण मला एक भेद कळला नव्हता, तो आता कळतो. प्रमाण हवं ते खालच्या आकड्यांना. 'इ'चा आकडा सगळीकडे एकच असला, तर वर कुणी विहीर लिहो की इहीर, ते पन्नास वर्षांनी जसंच्या तसं वाचता येईल. त्या काळात आम्ही उलटं करून बसलो. आकडे ज्याने त्याने आपल्या मर्जीने लावले, आणि आईच्या बोलण्यावर मात्र लाल शाई चालवली.

आता मागणं. 'आई १', 'आई २' आणि 'आई ४' युनिकोडमध्ये तयार आहेत, एकही शब्द न बदलता. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना पाठवते, साध्या मजकुराच्या फाइलमध्येही आणि छापूनही. कागद विसरू नका, फाइल जगली नाही तर किल्ली त्यातूनच मिळते. पण 'आई ३', म्हणजे घाट उतरून कल्याणला येण्याचं प्रकरण, आपल्याकडे नाही. दादाने १९९९-२००० मध्ये तुमच्यापैकी कुणाला, कुणाच्या सासरी, फ्लॉपी किंवा चार पानं दिली असतील तर माळे, ट्रंका, जुन्या फायली बघा. फाइल उघडली आणि नुसती इंग्रजी अक्षरं दिसली, तर बिघडलीय म्हणून टाकून देऊ नका. माझ्याकडे आणा. कोष्टक तयार आहे.

आणि कागदच मिळाला नाही, तर ज्यांना आईच्या तोंडून ती गोष्ट आठवत असेल त्यांनी आठवेल तशी लिहून पाठवा. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी करू नका. मी तपासणार नाही.